जठराच्या अस्तरातील पेशींचे नूतनीकरण

जठराच्या आतील पृष्ठभागावरील पेशी सतत गळून पडतात आणि त्यांची जागा त्याच अस्तरातील मूलपेशींच्या विभाजनातून तयार झालेल्या नव्या पेशी घेतात. या अखंड प्रक्रियेस जठर-अस्तराचे नूतनीकरण म्हणतात. जठररसाचा पीएच १ ते २ इतका खाली जाऊ शकतो, म्हणजे तो अतिशय आम्लधर्मी असतो, आणि त्यातील पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करते. जठराची भिंतही मुख्यतः प्रथिनांचीच असल्यामुळे ती स्वतः कशी पचून जात नाही, हा शरीरक्रियाविज्ञानातील जुना प्रश्न आहे. पृष्ठभागावरील श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर आणि त्यातील बायकार्बोनेट आम्लाला बऱ्याच अंशी थोपवून धरतात. तरीही झीज होतेच, आणि ती भरून काढण्याचे काम पेशीविभाजन करते.

अस्तरावर असंख्य सूक्ष्म खळगे असून प्रत्येक खळग्याच्या तळाशी नळीसारख्या जठरग्रंथी उघडतात. जठराच्या मध्यभागातील ग्रंथीचे तीन भाग पडतात: खळग्याला लागून असलेला अरुंद भाग, त्याखालची मान आणि तळ. मूलपेशी यांतल्या अरुंद भागात असतात, तळाशी नव्हे. या अवयवाची सारी रचना समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. तेथे जन्मलेल्या काही पेशी वर सरकतात, वाटेत श्लेष्म तयार करू लागतात आणि पृष्ठभागावर पोहोचून साधारण ३ ते ५ दिवसांत गळून पडतात. काही खाली जातात आणि त्यांचे आयुष्य कितीतरी मोठे असते. उंदरांवरील अभ्यासात आम्ल स्रवणाऱ्या भित्तीय पेशींचे सरासरी आयुष्य सुमारे ५४ दिवस आढळले, तर पेप्सिनोजेन (पेप्सिनचे निष्क्रिय पूर्वरूप) तयार करणाऱ्या तळाच्या पेशी सहा महिन्यांहूनही अधिक टिकतात असे दिसले. एकाच नळीत, मिलिमीटरभर अंतरात, काही दिवसांचे आणि कित्येक महिन्यांचे आयुष्य शेजारी-शेजारी नांदते.

इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा अन्यत्र काय, वैद्यकाच्या पहिल्या वर्षात जठराची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच लागते. हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांनी रंगवलेल्या छेदात भित्तीय पेशी गुलाबी, मोठ्या आणि मधोमध गोल केंद्रक असलेल्या दिसतात. तळाच्या पेशी निळसर-जांभळ्या असतात. नजर अरुंद भागावर स्थिर केली, तर एखाद्या पेशीत केंद्रकाऐवजी गुणसूत्रांचा गडद पुंजका किंवा एकमेकांपासून दूर जाणारे दोन पट्टे दिसतात. ती पेशी विभाजनाच्या क्षणी पकडली गेलेली असते. त्याआधी तिने आपल्या ४६ गुणसूत्रांतील डीएनए दुप्पट केलेला असतो. डीएनए दुप्पट होण्यास काही तास लागतात, प्रत्यक्ष विभाजन मात्र साधारण तासाभरात उरकते. म्हणूनच छेदात असे पुंजके मोजकेच सापडतात.

विभाजन प्रामुख्याने ग्रंथीच्या वरच्या भागात होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन वैज्ञानिक जूलियो बित्सोझेरो यांनी ओळखले. पुढे मॉन्ट्रियल येथे शार्ल लब्लाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी थायमिडिन (नव्या डीएनएत सामावला जाणारा घटक) वापरून पेशींच्या स्थलांतराचा माग काढला. जठराच्या खालच्या टोकाकडील, म्हणजे ग्रहणीजवळच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाजवळच्या), ग्रंथींची तऱ्हा वेगळी आहे. तेथे तळाशीही विभाजनक्षम मूलपेशी असल्याचे २०१० मध्ये उंदरांत दाखवण्यात आले. विभाजनाचा वेग गॅस्ट्रिन हे संप्रेरक, लाळेतून येणारा वृद्धिघटक आणि ग्रंथीभोवतालच्या संयोजी ऊतकाकडून मिळणारे संकेत यांवर ठरतो.

वरवरची इजा झाल्यास विभाजनाची वाटही पाहिली जात नाही. कडेच्या निरोगी पेशी चपट्या होऊन सरकतात आणि पेशी ज्यावर बसतात तो खालचा पातळ आधारपटल शाबूत असेल, तर उघडी पडलेली जागा तासाभरात झाकली जाऊ शकते. जखम खोल गेली की व्रण (अल्सर) होतो आणि तो भरून यायला आठवडे लागतात.

इंदूरच्या मराठी घरांत पोट बिघडले की दोष सहसा सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर किंवा तिखट शेवेवर जातो. तिखटाने जळजळ वाढू शकते, परंतु व्रणाची मुख्य कारणे दोनच आहेत: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना या जीवाणूवरील कार्यासाठी २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनांची, म्हणजे अस्तराला जपणाऱ्या रसायनांची, निर्मिती रोखतात. त्यामुळे श्लेष्म, बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा हे तिन्ही घटतात आणि झीज भरून येण्यास अडथळा होतो. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने अशी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत ही गोष्ट तिखटापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची आहे, आणि घरच्यांनी ती जाणून घेतलीच पाहिजे.

जीवाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे राहिल्यास नूतनीकरणाची दिशाच बदलू शकते. भित्तीय पेशी कमी होतात, ग्रंथी आक्रसतात आणि काही ठिकाणी जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी तयार होऊ लागतात. अशा अस्तरात कर्करोगाचा धोका वाढतो. दुर्बिणीतून तपासणी करताना डॉक्टर अस्तराचे छोटे तुकडे घेतात, ते हे बदल आणि जीवाणू शोधण्यासाठीच. प्रतिजैविके व आम्लाची निर्मिती कमी करणारी औषधे यांच्या एकत्रित उपचाराने, जो बहुधा १४ दिवसांचा असतो, जीवाणू नष्ट करता येतो. त्यानंतर दाह ओसरतो आणि व्रण पुन्हा होण्याची शक्यता बरीच कमी होते.