विद्यावेतन की पगार? रोजगार अनुदानामागची पार्श्वभूमी

माणूस कामावर घ्यावा, त्याला शिकवावे आणि त्याच्या पगाराचा भार काही काळ सरकारने उचलावा, ही कल्पना २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात जन्मलेली नाही. महाराष्ट्रात १९७४ पासून रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम होता. सुशिक्षित बेकाराने एखाद्या आस्थापनेत सहा महिने प्रत्यक्ष कामावर शिकायचे आणि तेवढ्या काळाचे विद्यावेतन सरकारकडून घ्यायचे, अशी त्याची रचना होती. महागाई वाढत गेली तशी रक्कम किरकोळ ठरत गेली, कार्यक्रमही लोकांच्या विस्मरणात गेला. पन्नास वर्षांनी त्याच सांगाड्यावर मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना उभी राहिली आणि ‘लाडका भाऊ’ या टोपणनावाने घरोघरी पोचली.

या कल्पनेवरचा आक्षेप मात्र फार जुना आहे. १७९५ मध्ये इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात पावाच्या भावानुसार मजुरांची तुटपुंजी कमाई गरिबांसाठीच्या करातून भरून देण्याची पद्धत पडली. असे केले तर मालक मजुरी वाढवतील कशाला, हा सवाल तेव्हापासूनचा. इतिहासकारांचे त्यावर आजही एकमत नाही. आपल्याकडे वाद अडला तो दुसऱ्याच ठिकाणी, एका शब्दावर.

तो शब्द म्हणजे विद्यावेतन. त्यात ‘वेतन’ आहे, पण कायद्याच्या नजरेत ते वेतन नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने स्पष्टच सांगितले, की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यातही ‘कर्मचारी’ या व्याख्येतून तो वगळला गेला. यामागे तर्क होता. शिकणारा माणूस सुरुवातीला काम कमी करतो आणि चुका जास्त करतो, शिवाय मुरलेल्या कारागिराचा वेळ खातो. त्याला पूर्ण पगार आणि पीएफ द्यावा लागला तर कारखानदार त्याला दारातही उभा करणार नाही. म्हणून हक्क थोडे कमी आणि त्या बदल्यात हातात कसब, असा हा सौदा होता. (‘उमेदवार’ या शब्दातच उमेद आहे. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमधून बिनपगारी खर्डेघाशी करत कायम होण्याची वाट पाहणाऱ्यांनाही उमेदवारच म्हणत.)

सौदा बरोबर आहे की नाही, हे शेवटी काय होते यावर ठरते. फिटर किंवा टर्नर म्हणून वर्ष-दोन वर्षे काढलेल्या मुलाला परीक्षा असते, प्रमाणपत्र असते, आणि त्याच कारखान्यात नाही तर शेजारच्या कारखान्यात त्याला किंमत असते. पण शिकवण्याचा भाग गळून पडला आणि राबवून घेणे तेवढे उरले, तर विद्यावेतन म्हणजे कायद्यातून सुटका करून घेतलेला कमी पगार. मालकांना ही पळवाट कळायला वेळ लागला नाही आणि कामगार संघटनांनी त्यावर बोट ठेवायलाही लागला नाही.

सरकारने या विद्यावेतनात वाटा उचलण्याची सवय हळूहळू लागली. पदवी-पदविकाधारक उमेदवार १९७३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र देऊ लागले. कारखान्यातल्या उमेदवारांसाठी खरा बदल झाला २०१६ मध्ये. ठरलेल्या विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, अशी मदत केंद्राने जाहीर केली. आधी मालकाने पैसे द्यायचे आणि मग परताव्यासाठी दावा करायचा, अशी पद्धत होती. मोठ्या कंपन्यांकडे हे करायला माणसे असतात, चार यंत्रांच्या वर्कशॉपवाल्याकडे नसतात. २०२३ पासून केंद्राचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जाऊ लागला, हे उशिरा का होईना बरे झाले.

त्याच २०१६ मध्ये केंद्राने दुसरी वाटही धरली. नवा माणूस शिकाऊ म्हणून नव्हे, कर्मचारी म्हणूनच घ्या, त्याच्या पीएफचा बोजा आम्ही उचलतो, असे तेव्हा आलेली प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजना सांगत होती. १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या नव्या कर्मचाऱ्यासाठी मालकाचा ८.३३ टक्के पेन्शन हिस्सा, आणि एप्रिल २०१८ पासून मालकाचा पूर्ण १२ टक्के हिस्सा सरकारकडून मिळू लागला. टाळेबंदीनंतर ऑक्टोबर २०२० पासूनच्या योजनेत हजारापर्यंत कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी दोन्ही बाजूंचा मिळून २४ टक्के हिस्सा दोन वर्षांसाठी भरण्याचे ठरले. ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या योजनेत तर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, कमाल १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. मालकाला प्रत्येक जादा कर्मचाऱ्यामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षे मिळतात, उत्पादन क्षेत्रात चार वर्षे. तरतूद ९९,४४६ कोटींची आहे. इथे मोजमाप पीएफच्या खात्यावर होते. खाते उघडले आणि माणूस टिकला तरच पैसे.

राज्याची २०२४ ची योजना मात्र जुन्या, विद्यावेतनाच्याच वाटेने गेली. १८ ते ३५ वयोगटातल्या बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. ही सगळी रक्कम सरकारची, थेट खात्यात. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र. किमान वेतन, पीएफ, राज्य कामगार विमा यांपैकी काहीच लागू नाही. खासगी मालकाच्या दृष्टीने याहून स्वस्त माणूस नाही. तरी तेवढे चालून गेले असते, कारण सहा महिन्यांत माणूस पारखून ठेवून घेण्याची निदान शक्यता तिथे असते.

गाडी अडली ती सरकारी कार्यालयांत. योजनेत शासकीय आस्थापनांनाही प्रशिक्षणार्थी घेता येतील असा निर्णय झाला आणि तहसील कचेऱ्यांपासून ग्रामपंचायती, शाळा, दवाखान्यांपर्यंत ही मुले पोचली. वर्षानुवर्षे पदे रिक्त, त्यामुळे कामाची वानवा नव्हतीच. नोंदी करणे, दाखले देणे, वर्गावर उभे राहणे, हे सगळे त्यांच्याकडे आले. वेतन अनुदानाचे गणित असे असते, की अनुदान संपल्यावर माणूस ठेवावा की नाही हे मालक ठरवतो. सरकारी कार्यालयप्रमुखाला तो अधिकारच नाही. तिथे भरती जाहिरातीने, परीक्षेने आणि आरक्षणाच्या बिंदूनुसार (म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे, या ठरलेल्या क्रमाने) होते. म्हणजे इथे मुदतीनंतर कामावर राहण्याचा रस्ता पहिल्या दिवसापासून बंद होता. माझ्या मते योजनेतली मूळ चूक हीच. टीका बहुतेक वेळा रकमेवर आणि निवडणुकीच्या मुहूर्तावर झाली, ती तुलनेने वरवरची.

सहा महिने संपत आले तसे प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. आम्ही कर्मचाऱ्यांचेच काम केले, आम्हाला कायम करा, ही त्यांची मागणी. सरकारचे उत्तर ठरलेले होते, हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. २०२५ मध्ये मुदत अकरा महिन्यांची झाली आणि तिढा पाच महिने पुढे सरकला. अकरा हा आकडा कंत्राटी नेमणुकांमुळे सरकारी दप्तराला चांगला ओळखीचा आहे, हेही लोकांच्या नजरेतून सुटले नाही.

आता अकरा महिने तहसील कचेरीत काढलेला पदवीधर उद्या एखाद्या कारखान्यात रुजू झाला, तर त्याच्या नावावर पीएफचा एकही महिना जमा नसतो. केंद्राच्या नव्या योजनेच्या लेखी तो पहिल्यांदाच कामाला लागलेला माणूस ठरतो आणि पहिल्या नोकरीच्या रकमेला पात्रही होतो.