चूक झाली, पण सांगितलीच नाही : ग्रबमधल्या फाइलसिस्टिम त्रुटींची पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2025 मध्ये ग्रब या बूटलोडरमधल्या, म्हणजे संगणक चालू होताना ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधल्या, सुरक्षा-दोषांची मोठी यादी जाहीर झाली. त्यातला सीव्हीई-2024-45783 (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाला दिलेला नोंदणी-क्रमांक) दिसायला अगदी क्षुल्लक आहे. एचएफएस प्लस ही अ‍ॅपलची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत. ती वाचणारा ग्रबमधला कोड, म्हणजे तिचा ड्रायव्हर, डिस्क उघडायला गेला, उघडता आली नाही, आणि त्याने त्रुटीचा क्रमांक नोंदवलाच नाही. क्रमांक शून्य म्हणजे सगळं ठीक, असा ग्रबमधला संकेत. त्यामुळे पुढचा कोड निर्धास्तपणे पुढे गेला आणि जिथे काहीच नव्हतं तिथे हात घालायला लागला. हा दोष कळायचा तर थोडं मागे जावं लागतं.

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळातल्या लिलो या बूटलोडरला फाइलसिस्टिम कळतच नसे. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) डिस्कवर कुठकुठल्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद आधीच करून ठेवायची आणि चालू होताना बायोसकडून (संगणकात आधीपासून असलेल्या मूळ प्रोग्रॅमकडून) तेवढेच ब्लॉक वाचून घ्यायचे, एवढंच त्याचं काम. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरलं, की नोंद जुनीच राही. गाडी कुठे अडली ते पडद्यावर एकेक करून उमटणाऱ्या त्याच्या नावाच्या (LILO) अक्षरांवरून ओळखायचं: नुसता ‘एल’ आणि आकडे दिसले तर लिलोचा दुसरा टप्पा डिस्कवरून आलाच नाही, ‘एलआय’वर थांबलं तर तो आला पण चालला नाही.

एरिक बोलेन यांनी 1995 मध्ये ग्रब लिहायला घेतला तो हर्ड या ग्नू प्रकल्पाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. त्याला फाइलसिस्टिम वाचता येत होती, त्यामुळे फाइल नावाने मागता येऊ लागली. पण वाचणं आलं की चुकीचं वाचणंही आलं. जुन्या ग्रबमध्ये त्रुटींना क्रमांक असत. 2008 च्या सुमारास लिनक्सच्या एक्स्ट प्रकारच्या नव्याने बनवलेल्या फाइलसिस्टिममधल्या आयनोडचा (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) आकार 128 वरून 256 बाइट झाला, आणि न सुधारलेला ग्रब ‘एरर 2’ देऊन थांबू लागला. चूक ड्रायव्हरच्या समजुतीत होती, पण संदेश वाचून वाटायचं की फाइलच खराब झाली आहे.

ग्रब 2 मध्ये पडद्यावर क्रमांकांच्या जागी शब्द आले. पार्टिशन (डिस्कचा एक भाग) ओळखताना तो एकेका ड्रायव्हरला विचारतो: हे तुझं आहे का? ‘माझं नाही’ असं उत्तर आलं की ती त्रुटी पुसून पुढच्याला विचारायचं. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात खोच आहे. 2023 मध्ये एक्स्ट फाइलसिस्टिम बनवणाऱ्या ई2एफएसप्रॉग्स या साधनसंचाच्या 1.47.0 आवृत्तीने एक्स्ट4 मध्ये नवं वैशिष्ट्य आपोआप चालू केलं. ग्रब 2.06 ला ते ठाऊक नव्हतं. एक्स्टच्या ड्रायव्हरने खरं कारण सांगितलं होतं, ‘या वैशिष्ट्याला माझा आधार नाही’, पण तेही ‘माझं नाही’मध्ये जमा झालं. पडद्यावर उरलं ते एवढंच: अनोळखी फाइलसिस्टिम. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, कारण ज्याचा संगणक चालू होत नाही त्याच्या हाती तेवढं एकच वाक्य असतं.

जुलै 2020 मध्ये जाहीर झालेलं बूटहोल हे ग्रबमधलंच भगदाड फाइलसिस्टिममधलं नव्हतं, पण जातकुळी तीच. सेटिंगची फाइल वाचणाऱ्या कोडला गंभीर त्रुटी आली की तिथेच थांबणं अपेक्षित होतं. ग्रबमधलं ते फंक्शन संदेश छापायचं आणि परत यायचं. पुढे मेमरीत जागेबाहेर लिहिलं जायचं, आणि सिक्युअर बूटचा (फक्त सही केलेला, खात्रीचा कोडच चालू होऊ देणाऱ्या व्यवस्थेचा) पहारा ओलांडता यायचा.

एचएफएस प्लसच्या दोषावरचा उपाय लहानसाच निघाला: डिस्क उघडली नाही आणि क्रमांक शून्यच राहिला, तर तो आपण भरायचा. त्याच ड्रायव्हरमध्ये असाच दोष आधीही दुरुस्त झाला होता, म्हणून आणखी असे असतील हे धरूनच बदल केला गेला. दुरुस्त्यांच्या त्याच मालिकेत सिक्युअर बूट चालू असताना यूएफएस, रायझरएफएस, मिनिक्स यांसारख्या फारशा न वापरल्या जाणाऱ्या फाइलसिस्टिमचे ड्रायव्हर बंदच ठेवायचं ठरलं.