काम १७ वॅटचं, पंप अर्ध्या एचपीचा

"मामा, अर्ध्या एचपीचा घेऊन टाकू का? एकदाच काय ते."

नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानातून भाच्याचा फोन होता. मागे हातगाड्यांचा खडखडाट, आणि दुकानदार मलाच ऐकू जावं अशा आवाजात सांगत होता, "पाणी दहाव्या मजल्यावर चढवेल, साहेब!"

भाचा इमारतींच्या काचा धुतो. छोट्या टेम्पोत ५०० लिटरची टाकी, शेजारी बॅटरी आणि १२ व्होल्टचा पंप, रिळावर १०० मीटर बारीक पाइप, त्याच्या टोकाला कार्बन फायबरची लांब काठी आणि काठीच्या शेंड्याला ब्रश. माणूस जमिनीवर, ब्रश पाचव्या मजल्यावर. टाकीतलं पाणी आरओतून आणि रेझिनच्या फिल्टरमधून काढलेलं, म्हणजे जवळजवळ क्षाररहित. ते काचेवर तसंच वाळलं तरी डाग राहत नाही. अंधेरीतल्या एका कामावर पंप चालू असून वर पाणी पोचेना, म्हणून स्वारी पंपबाजारात.

मी म्हटलं, काही घेऊ नकोस, जुना पंप घेऊन घरी ये.

एचपी जास्त म्हणजे प्रेशर जास्त, ही समजूत आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत सगळीकडे असते. तिचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. ब्रशला मिनिटाला २ लिटर पाणी पुरतं, म्हणजे सेकंदाला ३३ ग्रॅम. पाचवा मजला धरू १५ मीटर. दाब मोजायचा पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड). प्रत्येक १० मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय लागतात, म्हणजे उंचीचे झाले २१. हा आकडा सगळे धरतात. विसरतात ते पाइपमधलं घर्षण. आतून ६ मिलिमीटर असलेल्या १०० मीटर पाइपमधून मिनिटाला २ लिटर ढकलायला जवळपास ५५ पीएसआय जातात. उंचीच्या अडीचपट दाब नुसता पाइप खातो! बेरीज ७६ पीएसआय, म्हणजे पाणी ५३ मीटर उचलण्याइतकी. आता वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची करा, उत्तर येतं सुमारे १७ वॅट. घरातल्या ९ वॅटच्या दोन एलईडी दिव्यांइतकं. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट.

तरीही तो ३७३ वॅटचा पंप या कामाला हरतो. घरगुती अर्ध्या एचपीचे बरेच पंप २५-३० मीटर हेडपर्यंतच, म्हणजे पाणी तेवढं उंच उचलण्याइतक्या दाबापर्यंतच जातात. आपल्याला हवेत ५३. त्यातला पंखा पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकतो, आणि दाब ठरतो तो फेकण्याच्या वेगावर. पाणी भरपूर, जोर बेताचा. सोसायटीच्या टाकीला दीड इंची पाइप असतो, तिथे तो राजा. बारीक नळीत तो आतल्या आत तेच पाणी घुसळत बसतो.

टेम्पोतला पंप वेगळ्या जातीचा, आणि माझा लाडका. लोहाराचा भाता पाहिलाय? भाता उघडला की हवा आत, दाबला की बाहेर, आणि हवेने आल्या वाटेने परत जाऊ नये म्हणून आत कातड्याची झडप. डायफ्रॅम पंप म्हणजे पाण्याचे असे तीन-चार चिमुकले भाते. मोटरच्या दांड्यावर एक तिरकी तबकडी असते. दांडा फिरतो, पण तबकडी फिरत नाही, नुसती डुलते, जमिनीवर पडता पडता थाळी डुलावी तशी. त्या डुलण्याने रबराचा पडदा एकेका कप्प्यात पाळीपाळीने वरखाली होतो. कप्प्यात आलेलं पाणी पुढेच ढकललं जातं, मागे फिरायला झडप देत नाही. म्हणून मोटर इवलीशी असूनही १०० पीएसआय निघतात, आणि टाकी रिकामी होऊन एअर धरली तरी हा पुन्हा स्वतःच पाणी ओढतो.

रात्री गॅलरीत वर्तमानपत्र पसरून पंप खोलला. चार स्क्रू. एका झडपेखाली टेफ्लॉन टेपचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा अडकलेला. बस्स, तेवढ्याने तो भाता फुकट डुलत होता! पण पडद्यालाही चीर गेली होती, पाणी मोटरकडे झिरपून बेअरिंग गंजलं होतं. म्हणजे पंप बदलायचाच होता. (पंपाला बांधलेली लिंबू-मिरची मात्र ठणठणीत होती. तिच्या पैशात पंपाआधीची जाळी आली असती. त्याच दुकानात "पाणी मऊ करणारा" लोहचुंबकही भाच्याच्या गळ्यात मारत होते. पाइपला बांधा आणि आधी-नंतर टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर बुडवा, आकडा हलणार नाही. विरघळलेले क्षार चुंबकाला घाबरून कुठे जातील?)

नवा कुठला घ्यावा? डब्यावर लिहिलेलं असतं: ५ लिटर प्रतिमिनिट, १०० पीएसआय. हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. ५ लिटर मिळतात तोंड मोकळं असताना, १०० पीएसआय मिळतात तोंड बंद असताना. आपलं काम मधे कुठेतरी, म्हणून ७०-८० पीएसआयला किती लिटर देतो ते कॅटलॉगमध्ये बघायचं. मग १२ लिटरचा घेतला तर? घर्षण वेगाच्या साधारण पावणेदोन घाताने वाढतं. २ चे ४ लिटर करायला गेलात तर त्याच पाइपला १८० पीएसआयच्या वर लागतील, आणि १०० ला प्रेशर स्विच पंप बंद करणार. दाब उतरला की चालू, पुन्हा बंद. खटखट करत महिन्याभरात स्विच जळेल.

पाइपच्या व्यासाशी घर्षणाचं नातं तर फारच विलक्षण. पाणी इथे शिस्तीत थराथराने न वाहता घुसळत वाहतं, आणि अशा प्रवाहात तेवढ्याच पाण्याला लागणारा दाब व्यासाच्या पावणेपाचव्या घाताने उतरतो. ६ चा पाइप ८ मिलिमीटरचा केला की ५५ पीएसआयचे १४ होतात. एक चतुर्थांश! भाच्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

वायरचंही तेच. जुनी वायर १ चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून पंपापर्यंत ५ मीटर जाऊन ५ मीटर परत. ८ अँपिअरला तिच्यातच जवळजवळ दीड व्होल्ट जातो, पंपाला मिळतात साडेदहा. अडीचची टाकली की ही गळती अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते.

शेवटी त्याने आधीच्याच ताकदीचा पंप घेतला, आधी जाळी लावली, वायर आणि पाइप बदलले. पहिल्याच दिवशी पंप चालवणारा कंट्रोलर सारखा बंद पडू लागला, कारण तो मोटरच्या करंटवरून नळी बंद आहे की चालू ते ओळखतो आणि त्याला सवय जुन्या मोटरची. नव्याने कॅलिब्रेट केल्यावर सुरळीत झालं. आता पोरं कुरकुरतात ती पाइपवरून. ८ मिलिमीटरच्या १०० मीटरमध्ये ५ लिटर पाणी मावतं, पूर्वी पावणेतीन लिटर मावायचं. ते वजन जिन्याला वळसा घालून ओढायचं त्यांना आहे, मला नाही.