जॉब शेड्युलरच्या सर्व्हर घटकांची जुळवणी

जॉब शेड्युलरच्या सर्व्हर घटकांची जुळवणी : मोठ्या संस्थेच्या अनेक संगणकांवरची कामे ठरल्या वेळी किंवा ठरलेली अट पुरी होताच आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला जॉब शेड्युलर म्हणतात. त्यातला मध्यवर्ती सर्व्हर, त्याचा डेटाबेस आणि ठिकठिकाणी बसवलेले एजंट (त्या त्या संगणकावर प्रत्यक्ष काम चालवणारे छोटे कार्यक्रम) एकमेकांना कोणत्या नावाने ओळखतील, कोणत्या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारावर) बोलतील, एका वेळी किती कामे उचलतील आणि संपर्क तुटला तर काय करतील, हे ठरवून देणे म्हणजे त्यांची जुळवणी. यातला शेवटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी शेवटीच विचारला जातो. कोकण किनारपट्टीवर तो सगळ्यात आधी विचारायला हवा, म्हणून या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

बँकेची दिवसअखेर (दिवसाचे हिशेब मिटवण्याचे काम), ठेवींवरील व्याजाची आकारणी, वीजबिलांची तयारी, बंदरातल्या कंटेनरच्या याद्या, पगारपत्रके अशा कामांमागे शेड्युलर असतो. खातेदाराला तो कधी दिसत नाही. सकाळी शाखा उघडल्यावर काउंटरवर ‘सिस्टिम अजून चालू झाली नाही’ असे ऐकू आले, तर रात्रीचा एखादा जॉब, म्हणजे शेड्युलरला नेमून दिलेले काम, अडकला असण्याची शक्यता बरीच असते.

वेळ आणि अट : अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘रोज सकाळी नऊला निघायचे’ असा नेम तिथे टिकत नाही. पाणी उतरले की निघायचे. शेड्युलरमागची कल्पना हीच आहे. युनिक्समधला क्रॉन हा जुना साधा कार्यक्रम घड्याळ बघतो: अमुक वाजले, काम सुरू. आदले काम संपले की नाही, फाइल आली की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नसते, आणि यंत्र बंद असताना हुकलेले काम तो तसेच सोडून देतो. एका यंत्रापुरते हे ठीक आहे. पण चाळीस शाखांच्या फाइली मुख्य कार्यालयात आल्या तरच एकत्रीकरण सुरू करायचे असेल, तर अटी लक्षात ठेवणारा, सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी नजर ठेवणारा कोणीतरी लागतो.

घटक : उत्पादन कोणतेही असो, भूमिका त्याच असतात, नावे बदलतात. कंट्रोल-एम या उत्पादनात वर एंटरप्राइझ मॅनेजर, मध्ये सर्व्हर आणि खाली एजंट अशी उतरंड आहे. ऑटोसिस या दुसऱ्या उत्पादनात शेड्युलर, अॅप्लिकेशन सर्व्हर आणि एजंट असतात, आणि डेटाबेसला तिथे इव्हेंट सर्व्हर म्हणतात. आयबीएम वर्कलोड शेड्युलरमध्ये मास्टर डोमेन मॅनेजर दिवसाचा आराखडा तयार करतो आणि तो खालच्या यंत्रांना पाठवतो. आज्ञा देणारा, नोंद ठेवणारा आणि काम करणारा असे हे तीन गडी ओळखता आले, की कोणत्याही उत्पादनाची माहितीपुस्तिका वाचणे सोपे जाते.

पोर्ट आणि नावे : नव्या जुळवणीत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कंट्रोल-एमचा सर्व्हर एजंटशी मूळ सेटिंगप्रमाणे ७००६ या पोर्टवर बोलतो आणि एजंट सर्व्हरला ७००५ वर उत्तर देतो. ऑटोसिसचा एजंट सहसा ७५२० वर ऐकत असतो, आयबीएमच्या उत्पादनातला नेटमन हा संदेश ऐकणारा कार्यक्रम ३११११ वर. फायरवॉलमध्ये (जाळ्यावरची ये-जा अडवणाऱ्या राखणदारात) जायची वाट उघडली जाते आणि यायची राहून जाते, ही फार नेहमीची चूक आहे. मग शाखेतले काम संपलेले असते, पण त्याची खबर मध्यवर्ती सर्व्हरला उशिरा मिळते किंवा मिळतच नाही, आणि पुढची सगळी कामे रांगेत ताटकळतात. दोन्ही दिशा दोन्ही टोकांवरून तपासल्याशिवाय एजंट ‘लागला’ असे म्हणू नये.

नावांची गोष्ट याहून नाजूक आहे. एजंट कोणाचीही आज्ञा ऐकत नाही. त्याच्याकडे परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या नावांची यादी असते. कंट्रोल-एमच्या एजंटमध्ये ही नावे एका ओळीत, मध्ये उभी रेघ देऊन लिहिलेली असतात. जुळवणीच्या दिवशी त्या ओळीत मुख्य सर्व्हरचे नाव घातले जाते, पहिला जॉब पडद्यावर हिरवा होतो, म्हणजे यशस्वी ठरतो, सगळे घरी जातात. मुख्य बंद पडल्यास त्याचे काम हाती घेणाऱ्या राखीव सर्व्हरचे नाव त्या रेघेपलीकडे लिहायचे राहिले आहे, हे मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर कळते. राखीव सर्व्हर उभा असतो, त्याचा डेटाबेस ताजा असतो, आणि चाळीसच्या चाळीस एजंट त्याला ओळख देत नाहीत. ती एक ओळ दुरुस्त करायला मिनिट लागते, पण प्रत्येक यंत्रावर जाऊन किंवा दुरून पोहोचून. रस्ता पाण्याखाली आणि लाइन तुटलेली असताना मंडणगड किंवा गुहागरच्या शाखेपर्यंत पोहोचणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पत्त्याच्या जागी आकडी आयपी न घालता नाव घालावे, हेही याच कारणासाठी: राखीव जागेचा आयपी वेगळा असतो.

संपर्क तुटणे : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेविना होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. ही मोठी उदाहरणे झाली. एरवीही पावसाळ्यात झाड पडून तार तुटते, रस्त्याच्या खोदकामात केबल कापली जाते, आणि शाखा तास-दोन तास एकटी पडते. शेड्युलरच्या मूळ सेटिंगमध्ये मात्र गृहीत असते, की सर्व्हर आणि एजंट एकाच वातानुकूलित इमारतीत, एकमेकांपासून हाताच्या अंतरावर आहेत.

संपर्क तुटल्यावर एजंट कसा वागतो, याच्या दोन रीती आहेत. पहिलीत एजंट पूर्णपणे सर्व्हरवर विसंबून असतो. सुरू झालेले काम तो पुरे करतो, निकाल जपून ठेवतो, पण नवे काम स्वतःहून सुरू करत नाही. दुसरी रीत आयबीएमच्या उत्पादनातल्या फॉल्ट-टॉलरंट एजंटची. दिवसाच्या आराखड्याची, म्हणजे सिम्फनी या फाइलची प्रत त्याच्याकडेच असते. मास्टर दिसेनासा झाला तरी तो आपल्यापुरती कामे आराखड्याप्रमाणे चालवत राहतो. दुसऱ्या यंत्रावर अवलंबून असलेली कामे तेवढी थांबतात. मास्टरशी पुन्हा जोडण्याचा प्रयत्न किती सेकंदांनी करायचा, हे लोकलऑप्ट्स या फाइलमध्ये लिहिलेले असते, आणि मूळ आकडा ६०० आहे. विखुरलेल्या शाखांसाठी दुसरी रीत मला निःसंशय जास्त योग्य वाटते. तिची किंमतही आहे: आराखडा रोज प्रत्येक शाखेपर्यंत पोहोचवावा लागतो, आणि दुपारी मुख्य कार्यालयाने बदललेला क्रम एकट्या पडलेल्या शाखेला कळत नाही.

पहिल्या रीतीचेच उत्पादन हाताशी असेल, तर एजंट ‘अनुपलब्ध’ ठरवण्याआधी किती वेळा आणि किती वेळ वाट पाहायची, ते आकडे वाढवावेत. पाच मिनिटांच्या खंडाने रात्रभर धोक्याचे संदेश येऊ लागले, की ड्युटीवरचा माणूस ते वाचणे बंद करतो, आणि खरा संदेश त्याच ढिगात जातो.

वीज परत आल्यावर : तुटण्यापेक्षा जोडण्याच्या क्षणी जास्त नुकसान होते. समजा, एक शाखा चार दिवस बंद होती. दर तासाला चालणारा एक जॉब या काळात ९६ वेळा हुकला. लाइट येताच शेड्युलरने ती ९६ कामे एकदम सोडली, तर शाखेतला छोटा संगणक तिथेच मान टाकेल. क्वार्ट्झ या जावावर आधारलेल्या शेड्युलरमध्ये ठरल्या वेळेपेक्षा ६० सेकंद उशीर झाला की काम ‘हुकले’ असे धरले जाते, आणि हुकलेल्याचे काय करायचे ते प्रत्येक कामासाठी वेगळे सांगता येते. हे ‘प्रत्येक कामासाठी’ फार महत्त्वाचे आहे. जुन्या फाइली साफ करणारे काम चारदा हुकले तरी एकदाच चालवले की पुरते. दिवसाच्या व्याजाची आकारणी मात्र चारही दिवसांसाठी, त्या त्या तारखेने, क्रमाने चालायला हवी. एकही दिवस गळला किंवा दोनदा लागला, तर ते पैसे कोणाच्या तरी पासबुकातले असतात, आणि बहुधा तो माणूस वादळात घराची कौले गमावून बसलेला असतो.

तारीख म्हणजे घड्याळातली तारीख नव्हे, हे इथे उमगते. कंट्रोल-एममध्ये प्रत्येक कामाला व्यवहाराची तारीख चिकटवलेली असते. मध्यरात्र उलटली तरी ती बदलत नाही. ‘न्यू डे’ ही प्रक्रिया चालल्यावरच नवा दिवस उजाडतो. ही वेळ रात्री बाराला ठेवू नये. शेवटच्या शाखेची दिवसअखेर संपून पुरेसा अवकाश जाईल अशी, पहाटेनंतरची वेळ ठेवावी.

घड्याळ : भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडमधला सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल, तर आपली मध्यरात्र त्याच्या आदल्या तारखेच्या १८:३० ला येते. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात चाललेले प्रत्येक काम त्याच्या दृष्टीने कालचे. नेमकी याच वेळात बँकांची मोठी कामे असतात. सर्व्हर, एजंट आणि डेटाबेस तिघांवर एशिया-कोलकाता हाच वेळपट्टा लिहावा, आणि घड्याळे एनटीपीने (जाळ्यावरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळती ठेवावीत. क्वार्ट्झचे एकाहून अधिक सर्व्हर एकत्र चालवायचे असतील, तर त्यांच्या घड्याळांत सेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही. बरेच दिवस विजेविना पडलेल्या जुन्या संगणकाचा आतला सेल संपलेला असेल, तर तो कित्येक वर्षे मागच्या तारखेने उठतो. म्हणून घड्याळ जुळल्याची खात्री झाल्यावरच एजंट सुरू होईल, असा क्रम लावून ठेवावा.

कॅलेंडर : सुट्ट्यांची कॅलेंडरे सर्व्हरवर एकदा भरून विसरायची वस्तू नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी झाली. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झाले आणि अर्ध्या तासाच्या ४८ फेऱ्या रोज, सुट्टीच्या दिवशीही, होऊ लागल्या. एकाच संस्थेत आता शाखेचे एक आणि पैशांच्या देवाणघेवाणीचे दुसरे अशी दोन कॅलेंडरे लागतात. कोकणात तिसरेही लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मच्छीमार सहकारी सोसायटीकडून रोज येणारी डिझेलची किंवा मालाची फाइल या काळात येणारच नसते. कॅलेंडरमध्ये ही बंदी नसेल, तर ‘फाइल आली नाही’ म्हणून सर्व्हर दोन महिने रोज ओरडतो.

डेटाबेस आणि राखीव सर्व्हर : ऑटोसिसमध्ये दोन इव्हेंट सर्व्हर एकाच वेळी लिहिते ठेवता येतात आणि एक गेला तर दुसऱ्यावर काम चालू राहते. शेड्युलरलाही छाया-शेड्युलर, म्हणजे तो बंद पडल्यास त्याची जागा घेणारा जोडीदार, असतो. धोका असा, की दोघांमधला दुवा तुटला आणि दोघेही जिवंत असले, तर प्रत्येकाला वाटते दुसरा मेला. होडीवर दोन तांडेल (होडीचे प्रमुख) झाले की जे होते तेच होते: प्रत्येक काम दोनदा सुटते. म्हणून तिसऱ्या यंत्रावर टाय-ब्रेकर, म्हणजे दोघांपैकी कोणी काम चालवायचे हे ठरवणारा पंच, बसवतात. तो पहिल्या दोघांपैकी कोणाच्याही इमारतीत किंवा कोणाच्याही विजेच्या फीडरवर नसावा. राखीव सर्व्हर एकाच नदीच्या पूररेषेत ठेवण्याची चूकही टाळावी. चिपळूणचा राखीव शेजारच्या खेर्डीत ठेवून काही साधत नाही. घाटावर, कोल्हापूर किंवा पुण्याला ठेवावा.

क्षमता आणि सुरक्षा : एकावेळी किती कामे उचलायची, याचा आकडा यंत्र बघून ठरवावा. ऑटोसिसच्या एजंटमध्ये मूळ मर्यादा १००० पर्यंत दिलेली आढळते, शाखेतल्या यंत्राला चार-पाचच झेपतात. क्वार्ट्झचे थ्रेड (एका वेळी एकेक काम चालवणारे धागे) मुळात १० असतात. ते वाढवले तर डेटाबेसच्या जोडण्याही तेवढ्या वाढवाव्यात. एजंट दुसऱ्याच्या नावाने आज्ञा चालवतो, त्यामुळे त्याचे पोर्ट म्हणजे तिजोरीचीच किल्ली. ते इंटरनेटवर उघडे ठेवू नये, आणि कामे रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने चालवू नयेत. टीएलएस प्रमाणपत्राची (सर्व्हर आणि एजंट यांच्यातले बोलणे सुरक्षित ठेवणाऱ्या ओळखपत्राची) मुदत संपली की सगळे एजंट एकाच सकाळी गप्प होतात, म्हणून मुदत तपासणारा जॉब शेड्युलरमध्येच लावावा.

चाचणी : कोकणात मिरगाआधी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, घरे शाकारतात, होड्या वर ओढतात. राखीव सर्व्हरची चाचणीही त्याच दिवसांत, मे महिन्यात घ्यावी. मुख्य सर्व्हर खरोखर बंद करून एक पूर्ण दिवसअखेर राखीववरून चालवावी आणि दुसऱ्या दिवशी परत यावे. नुसता राखीव सर्व्हर सुरू होतो का, हे पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. परतीचा प्रवास जास्त अवघड असतो, कारण मधल्या दिवसाच्या नोंदी मुख्य डेटाबेसमध्ये परत न्याव्या लागतात. चाचणी संपल्यावर एजंटांची नावे, पोर्ट, बंद करण्याचा आणि सुरू करण्याचा क्रम, कोणती कामे हुकली तर एकदाच चालवायची आणि कोणती तारखेवार, ही यादी कागदावर छापावी. एक प्रत मुख्य कार्यालयात, एक राखीव जागी, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक शाखेतल्या वरच्या कपाटात.