इझाकायाला नेण्याआधी आम्ही एवढ्या चौकशा का करतो

टोकियोतल्या इझाकायासाठी, म्हणजे दारूसोबत छोटे छोटे पदार्थ देणाऱ्या जपानी दुकानासाठी, आमच्याकडे नाव नोंदवलंत की दुसऱ्या दिवशी एक तक्ता येतो. डावीकडे प्रत्येकाचं नाव, उजवीकडे तो माणूस त्या संध्याकाळी काय खात नाही ते. तक्ता भरतो घरातला एकच जण, बहुधा मुलगा नाहीतर जावई. आणि उत्तर एका ओळीत येतं : ‘सगळ्यांना सगळं चालतं.’

मग टोकियोतल्या शिंबाशी भागात रेल्वेच्या रुळांखालच्या दुकानात, बूट काढून, गरम ओशिबोरीने (ओल्या रुमालाने) हात पुसून झाल्यावर कळतं की मावशींचा सोमवार आहे, काका अंडं खातात पण मासा नाही, आणि सूनबाईंची आज संकष्टी आहे. (चंद्रोदय टोकियोचा धरायचा की पुण्याचा, हा वाद आमच्यासमोर दोनदा झालाय. आमचं मत टोकियोचा.)

‘त्यात काय, भाजीचं काहीतरी द्यायला सांगा,’ असं तुम्ही सहज म्हणता. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस, यांचं पाणी. आपल्याकडे फोडणी, तशी तिकडे दाशी. मिसो सूपमध्ये ती असते, शिजवलेल्या मुळ्यात असते, वरून निरागस दिसणाऱ्या आगेदाशी तोफूच्या रश्शात असते आणि दाशीमाकी या अंड्याच्या वळकटीतही. ‘मांस नको’ म्हटलं की दुकानदार मान डोलावतो आणि मनापासून मासा वाढतो. त्याच्या लेखी त्याने तुमचं ऐकलेलं असतं.

गेल्या नोव्हेंबरात एका कुटुंबासमोर अत्सुआगे आला, तळलेल्या तोफूचे जाड तुकडे. वर कात्सुओबुशी, वाफेने वळवळणारी. आजींनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि विचारलं, ‘हे जिवंत आहे का?’ तैशो (मालकाला असंच हाक मारतात) ओशाळला, आम्ही त्याहून जास्त. आजींनी त्या रात्री मिठातले एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, आणि कोरा भात खाल्ला. तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘ओके’ लिहिलेलं होतं.

आम्ही नेतो त्या जागा दहा-बारा खुर्च्यांच्या आहेत. काउंटरमागे एक माणूस, फार तर दोन. दाशी आणि शिजवलेले पदार्थ दुकान उघडायच्या आत तयार असतात. संध्याकाळी साडेसातला वेगळं काही उभं राहत नाही. पण दोन दिवस आधी सांगितलंत, तर तैशो नुसता कोंबू रात्रभर पाण्यात भिजवतो आणि तुमच्यासाठी बिनमाशाची दाशी निघते. आमच्या यादीतली काही दुकानं हे आता आनंदाने करतात. ती तयार व्हायला आम्हाला बरीच वर्षं आणि बऱ्याच वेळा वाकून माफी मागावी लागली, म्हणून आयत्या वेळचा बदल आम्ही घेत नाही. हट्टीपणा वाटला तर वाटू दे.

बसल्याबसल्या न मागता येणारी छोटी वाटी, म्हणजे ओतोशी, हीसुद्धा याच तक्त्यावर ठरते. साध्या दुकानात माणशी ३०० ते ५०० येन पडतात. हे जागेचं भाडंच समजा. फसवणूक नाही, आणि बिलाच्या वेळी त्यावर घासाघीस करू नका. आधी कळलं तर त्या वाटीत माशाऐवजी काकडीचं लोणचं येतं. पैसे तेवढेच. टीप मात्र ठेवू नका, पोरगा तुमचे सुटे पैसे परत करायला रस्त्यापर्यंत धावत येतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेगडी एकच असते, तेलही एकच. शिइताके मशरूम ज्या जाळीवर भाजतात तिच्यावर आधी कोंबडी भाजलेली असते. हे चालणार नसेल, किंवा कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर इझाकायाला येऊच नका. तुमच्यासाठी आम्ही बौद्ध मंदिराच्या पद्धतीचं शाकाहारी शोजिन र्‍योरी जेवण ठरवून देतो. दुकानांकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे कुठे गेलात तरी आमचं शुल्क तेच.

स्वतःहून कुठे गेलात तर हे वाक्य मोबाइलवर ठेवा : ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देसु.’ मांस-मासा खात नाही, दाशीही नको. आणि रस्त्यावर हात धरून बोलावणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

बाकी किरकोळ. दारूसाठी वय २० पूर्ण हवं, १८ नाही. बऱ्याच ठिकाणी बैठक दोन तासांची असते. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते तिकडे मृताच्या नैवेद्याला करतात.

तक्ता दोन दिवस आधी, जपानच्या वेळेने संध्याकाळी ६ पर्यंत पोचू द्या. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. आजी स्वतः बोलल्या तर फारच उत्तम.