बेळगावात घर घेताना-विकताना: इसार देण्याआधी पाहायचे कागद आणि नोंदणीची पद्धत

बेळगावच्या भोवतालच्या गावांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच: "जागा बाँडवर घेतलीय, घरही बांधलंय. आता नावावर कशी करायची?"

उत्तर कडू आहे, पण आधी तेच सांगायला हवं. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे मालकी येत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घर-जागेची खरेदी सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवलेल्या खरेदीपत्रानेच होते. साठेखत, म्हणजे आपल्याकडचं संचकारपत्र, हा फक्त पुढे खरेदी करून देण्याचा करार असतो. वटमुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'नेही मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. बाँडवर जागा घेतलेल्यांनी मूळ मालक हयात आहे तोवर त्याला गाठून रीतसर खरेदीपत्र करून घ्यावं. तो गेल्यावर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. जमीन एनए, म्हणजे बिनशेती, झालेली नसेल तर ती अडचण आधी सोडवावी लागते.

विकणारा खरोखर विकू शकतो का?

उताऱ्यावर एकट्याचं नाव आहे म्हणून घर एकट्याचं, असं धरून चालू नका. वडिलार्जित घर असेल तर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. कर्नाटकात हा हक्क 30 जुलै 1994 पासून आला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तेव्हा वगळलं होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदवलेली वाटणी मात्र कायम राहते.

म्हणून वंशावळ मागा. तलाठ्याच्या अहवालावरून ती नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीतून, मिळते. वंशावळीतलं प्रत्येक नाव खरेदीपत्रावर सही करणारं हवं, नाहीतर त्याचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. आमच्या मावशीच्या घराचा व्यवहार चार महिने अडला, कारण चंदगडला दिलेल्या बहिणीला कुणी विचारलंच नव्हतं. तिला पैशांचा हट्ट नव्हता. आपल्याला मोजलं नाही, याचं दुःख होतं. सीमेपलीकडे दिलेल्या बहिणीला बेळगावला येणं जमत नसेल तर ती आपल्या राहत्या ठिकाणच्या दुय्यम निबंधकासमोर वटमुखत्यारपत्र करून देऊ शकते. माहेरच्या आणि सासरच्या नावांचा मेळ घालणारं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना दिलेली जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. 1978 च्या त्या कायद्याला लोक 'पीटीसीएल' म्हणतात. कित्येक वर्षांनीही असा व्यवहार रद्द होऊ शकतो, म्हणून जागेचं मूळ कुठलं ते विचारा.

घेणाऱ्याला अटी कमी आहेत. महाराष्ट्रातला माणूस इथे घर घेऊ शकतो. शेतजमिनीसाठी शेतकरी असण्याची अटही कर्नाटकाने 2020 मध्ये काढली. परदेशात स्थायिक झालेले आपले लोक घर घेऊ शकतात, शेतजमीन मात्र विकत घेऊ शकत नाहीत.

कागद

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत ई-खाता (पालिकेच्या मालमत्ता नोंदीचा ऑनलाइन उतारा), सिटी सर्व्हेचा उतारा (त्यावरचा सीटीएस नंबर खरेदीपत्राशी जुळवा), चालू सालापर्यंतच्या घरपट्टीच्या पावत्या आणि बांधकाम परवानगी पाहायची. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तू या ऑनलाइन नोंदीचे नमुना 9 आणि नमुना 11. हातात '11-ब' पडला तर थांबा. तो घरपट्टी घेण्यापुरता असतो, जागा नियमात बसते असं तो म्हणत नाही. शहरातल्या बी-खात्याचंही तेच. ऑक्टोबर 2024 पासून ई-खात्याशिवाय घर-जागेची नोंदणी होत नाही, तेव्हा विकणाऱ्याने तो आधी काढून ठेवलेला बरा. कॅम्पात, म्हणजे कँटोन्मेंटमध्ये, बऱ्याच बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची असते. तिथे आपण नेमकं काय विकत घेतोय हे वकिलाकडून लेखी घ्या.

ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, कावेरी या राज्याच्या नोंदणी खात्याच्या पोर्टलवर 1 एप्रिल 2004 पासूनचा मिळतो. त्याआधीचा कचेरीतून मागवावा लागतो. निदान तीस वर्षांचा काढा. त्यात फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज कधी कधी त्यात येत नाही, म्हणून मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. झेरॉक्सवर भागवू नका. शेतातून झालेला प्लॉट असेल तर जुन्या उताऱ्याचा रकाना 11 वाचा. पीकेपीएसचा, म्हणजे गावच्या कृषी पत सोसायटीचा, बोजा तिथे लिहिलेला असतो.

भाषेची गोष्ट आपल्याकडचीच. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे आजोबांच्या काळातले कागद मराठीत, काही मोडीत, आणि आजचे कन्नडात. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्या, पण मूळ टाकू नका. मालकीची साखळी तिथूनच सुरू होते. आणि कन्नड खरेदीपत्र बाँड रायटरने लिहिलं की सहीच्या आधी विश्वासातल्या, कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या. चतुःसीमा, मोजमाप, रक्कम, कब्जा कधी. घाई करणाऱ्याला थांबायला सांगायची लाज वाटू देऊ नका.

नोंदणी आणि खर्च

इसार बँकेतूनच द्या, रोख 20,000 किंवा जास्त घेतल्यास पैसे घेणाऱ्या विक्रेत्याला दंड होऊ शकतो. संचकारपत्र नोंदवून ठेवा. ठरलेल्या मुदतीत समोरच्याने खरेदी दिली नाही तर दावा लावायला तीन वर्षं असतात.

पुढचं काम कावेरी पोर्टलवर होतं. खरेदीपत्राचा मसुदा आणि कागद चढवायचे, सब-रजिस्ट्रार ते तपासतो, मग पैसे भरून वेळ घ्यायची. ठरल्या दिवशी दोन्ही बाजू आणि दोन साक्षीदार आधार घेऊन जातात. फोटो आणि अंगठे होतात. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद नोंदणीला यायला हवा.

खर्च ठरलेली किंमत किंवा सरकारी दर, जे जास्त असेल त्यावर. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्या शुल्कावर 10 टक्के उपकर आणि शहरात 2 टक्के, खेड्यात 3 टक्के अधिभार. नोंदणी फी 31 ऑगस्ट 2025 पासून 1 ची 2 टक्के झाली. शहरातल्या 30 लाखांच्या घराला 1,50,000 + 15,000 + 3,000 + 60,000, म्हणजे 2,28,000 रुपये. बिल्डरकडून पहिल्यांदाच घेतलेल्या, 45 लाखांपर्यंतच्या फ्लॅटला दर कमी आहे. इथल्या घराचं शुल्क कर्नाटकालाच भरायचं, कोल्हापुरात घेतलेला स्टँप त्यासाठी चालत नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा.

खरेदीपत्र हातात आलं की खाता आपल्या नावावर झाला का ते स्वतः जाऊन पाहा. सिटी सर्व्हेला फेरफाराचा अर्ज, हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, मीटरवरचं नाव, पाण्याची जोडणी, ही कामं त्याच महिन्यात उरका. चावी घेताना विकणाऱ्याकडून जुन्या सगळ्या मूळ कागदांची यादी करून सहीनिशी ताब्यात घ्या.