मॉल्डनच्या रणात सगळेच धन्यापाशी मेले नाहीत

मध्ययुगीन इंग्रजी वीरकाव्यात धनी पडला की त्याचा प्रत्येक सैनिक त्याच्याशेजारी देह ठेवतो, पळत कोणीच नाही, असा समज पक्का रुजला आहे. दाखला बहुधा 'मॉल्डनची लढाई' या जुन्या इंग्रजी काव्याचा देतात. पण ते काव्यच वेगळं सांगतं.

991 साली एसेक्समधल्या मॉल्डनजवळ सरदार बिर्तनोथ व्हायकिंगांशी लढताना पडला. त्याबरोबर त्याच्याच सैन्यातले, ओड्डा नावाच्या माणसाचे मुलगे पळाले. त्यांतला गॉड्रिक तर धन्याच्याच घोड्यावर बसून पळाला! त्याच धन्याने त्याला कितीतरी घोडे बक्षीस दिले होते. ओळखीचा घोडा दौडताना पाहून अनेकांना वाटलं, सरदारच निघाला. फळी फुटली. कवी या पळपुट्यांची नावं घेतो, काही झाकत नाही.

म्हणूनच मागे उरलेल्यांचं मोल मला जास्त वाटतं. त्यांच्यापुढे पळायची वाट उघडी होती. त्यांत डनेरे नावाचा साधा शेतकरी आहे. तो भाला उगारून म्हणतो, धन्याचा सूड घ्यायचा त्याने कचरू नये. म्हणजे हे शौर्य फक्त उमरावांचं, हाही गैरसमजच. आणि म्हातारा बिर्तवोल्ड म्हणतो, बळ जसं ओसरेल तसं मन अधिक कणखर व्हायला हवं.

काव्याचा आरंभ आणि शेवट हरवला आहे. मूळ हस्तलिखित 1731 च्या आगीत जळालं. त्याआधी कोणी नक्कल करून ठेवली होती, म्हणून सव्वातीनशे ओळी आज वाचता येतात. गॉड्रिकची नाचक्की त्यांतच आहे.